लोणच्याची बरणी आणि गावकुसाबाहेरची मिरची

मराठी माणसाच्या जेवणाविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात लोणच्याला पानाची डावी बाजू दिलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे असा तो क्रम. हा क्रम सांगणाऱ्यांनी काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. जेवणाऱ्यापुढे पान आहे, पानाला डावी-उजवी बाजू आहे आणि वर्षभर पुरेल असा पदार्थ राखून ठेवण्याची घराची ऐपत आहे. ज्यांची भाकरी हातावर होती त्यांच्या जेवणाला डावी बाजू कुठली? भाकरीवर जे ठेवले जाई तेच त्यांचे तोंडी लावणे. खान्देशात, म्हणजे १९०६ साली ज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि आज जो जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत विभागला आहे त्या मुलखात, गावकुसाबाहेरचे हे तोंडी लावणे काय होते, त्यात लोणचे का नव्हते आणि पुढे ते कसे आले, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय चुलीजवळचा आहे म्हणून कोणी तो हलका समजू नये. साठवणीचा इतिहास हा सत्तेचा इतिहास असतो, असे माझे म्हणणे आहे आणि ते मला येथे मांडायचे आहे.

लोणचे या शब्दातच त्याची घडण आहे. लोण म्हणजे मीठ, लवण. कैरीच्या, लिंबाच्या, भोकराच्या किंवा मिरचीच्या फोडीत पाणी असते आणि त्या पाण्यावर कुजवणारे जंतू जगतात. मीठ हे पाणी ओढून घेते. कैरीचा आंबटपणा उरलेल्या जंतूंना जगू देत नाही. वर तरंगणारे तेल हवा आत येऊ देत नाही. मोहरी, मेथी, हळद, हिंग हे चवीसाठी असतात तसे टिकण्यासाठीही असतात. किलोभर फोडींना दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ आणि पाव किलोच्या आसपास तेल लागते. शिवाय चिनी मातीची बरणी, तिच्या तोंडाला बांधायचा स्वच्छ दादरा आणि पावसाळ्यात न गळणारी एक कोरडी जागा लागते. परंतु या सर्वांपेक्षा महाग अशी एक वस्तू लोणच्याला लागते, आणि ती म्हणजे थांबण्याची ताकद. आज हाती आलेले अन्न आज न खाता मुरत ठेवणे ज्याला परवडते, त्याच्याच घरी लोणचे होते.

आता खान्देशाचे वर्ष पाहा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा या मुलखाचा मोठा सण. याच सणाला सालदाराचे वर्ष संपते आणि नवे वर्ष ठरते. वर्षभराची मेहनत काही धान्यावर आणि काही रोकड रकमेवर या दिवशी बांधली जाई. आधी घेतलेली उचल फिटली की नाही याचा हिशेबही याच दिवशी होई, आणि तो बहुधा फिटलेला नसे. याच दिवसांत कैरी पाडाला येते. मालकाच्या वाड्यात कैऱ्यांच्या पाट्या उतरतात, विळीवर फोडी होतात, मोहरीची डाळ कांडली जाते. कैऱ्या झाडावरून उतरवणारा सालदार, मोहरी पाखडणारी त्याची बायको, तेलासाठी भुईमूग उपटणारी त्यांची मुले. या सर्वांचे हात त्या लोणच्याच्या अलीकडे असतात. ज्या दिवशी बरणीला दादरा बांधला जातो त्या दिवसापासून तिला त्यांचा हात चालत नाही. माझी आजी हे सारे एका वाक्यात सांगत असे: “लोनचं त्यासनं, मिरची आपली.” अहिराणीतल्या या चार शब्दांच्या वाटणीत खान्देशाचे अर्थशास्त्र सामावले आहे असे मला वाटते.

मिठाचीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मीठ समुद्राने फुकट दिलेले असले तरी ते खान्देशच्या आठवडी बाजारात फुकट येत नव्हते. इंग्रज सरकारने मिठावर कर बसवला होता. १८८२ साली मणामागे दोन रुपये असलेला हा कर १८८८ मध्ये अडीच रुपये झाला. पुढे तो कमी होत गेला, पण १९२३ साली पुन्हा एकदा अडीच रुपयांवर गेला होता. दांडीयात्रा १९३० ची. कर मात्र उठला तो १९४७ साली. श्रीमंताला आणि मजुराला मीठ सारखेच लागते; उन्हात घाम गाळणाऱ्याला थोडे अधिकच लागते. म्हणून हा कर ज्याच्यापाशी कमी त्याच्यावर जास्त बसला. चिमूटभर मिठाचाही ज्या घरात हिशेब होता, त्या घराने फोडींवर मूठमूठ मीठ ओतावे ही कल्पनाच होऊ शकत नव्हती. तेलाची गोष्ट तर बोलायलाच नको. भुईमूग आणि तीळ पिकवणाऱ्या मुलखात मजुराच्या घरी तेल येई ते बाजाराच्या दिवशी, लहान बाटलीतून, आणि दिव्याला किती व चुलीला किती हे आधी ठरवूनच.

मग या लोकांनी अन्न टिकवलेच नाही काय? टिकवले, पण दुसऱ्या वाटेने टिकवले. साठवणीच्या दोन परंपरा या मुलखात शेजारी-शेजारी नांदल्या. एक मीठ-तेलाची, दुसरी उन्हाची. ऊन हे एकच साधन असे होते की ज्यावर कर नव्हता आणि ज्याला विटाळ नव्हता. हरभऱ्याचा कोवळा पाला, अंबाडीची पाने, गवारीच्या शेंगा वाळवून मडक्यात भरल्या जात. गुरे मेली की वाट्याला आलेल्या मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळत, त्या चान्या. पावसाळ्यात हाताला काम नसे तेव्हा या वाळवणावर घर जगे. पांढरपेशा लेखकांनी वाळवण म्हटले की पापड-कुरडया आठवल्या. आमच्या वाळवणाचे नाव घ्यायला आमच्याच माणसांनाही पुढे कित्येक वर्षे लाज वाटत राहिली. ही लाज कोणी शिकवली याचा विचार झाला पाहिजे.

या वाळवणाबरोबर होती मिरची. मिरची मूळची इथली नाही. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेहून आली. त्यापूर्वी तिखटपणा मिऱ्याचा होता आणि मिरे हा व्यापाराचा महाग माल होता. मिरची कोणत्याही परसात, उकिरड्याच्या कडेलाही येते. तिखटावरची श्रीमंतांची मक्तेदारी या परदेशी झुडपाने मोडली. पुढे तर खान्देश मिरचीचाच मुलूख झाला. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा आणि १९९८ पर्यंत त्याच जिल्ह्यात असलेले नंदुरबार ही तांबड्या मिरचीची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जातात. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मैदानभर मिरची वाळत पडलेली असते आणि तिचे देठ खुडायला बाया बसलेल्या असतात. रात्री त्यांच्या हातांची आग होते, त्या हाताने लेकराच्या डोळ्याला स्पर्श करता येत नाही. त्या मिरचीची किंमत ठरते तेव्हा या आगीची किंमत त्यात धरलेली नसते.

पाट्यावर किंवा खलबत्त्यात मिरची, लसूण आणि मिठाचा खडा एकत्र ठेचला की झाले तोंडी लावणे. जरा बरे दिवस असले तर त्यात भाजलेले शेंगदाणे, तीळ, जवस किंवा कारळे पडत. भाकरी ज्वारीची, नाही तर कळण्याची. कळणा म्हणजे डाळ करताना उरलेला चुरा. मराठीत ‘कळणाकोंडा’ हा शब्द दारिद्र्यासाठीच वापरला जातो. उडदाचा हा कळणा ज्वारीत मिसळून दळला की भाकरीला चव येई आणि पोटाला आधार होई.

येथे पोषणाचा प्रश्न येतो. आमच्या आयांनी शास्त्र वाचले नव्हते, तरी त्यांच्या पाट्यावर जे होते ते शास्त्राला उतरणारे होते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. तो उडदाच्या कळण्यातून भरून निघतो. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा नावाचा रोग आढळे. त्यात कातडी काळवंडून सोलते, हगवण लागते, डोके भ्रमते. हैदराबादच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली या रोगाचा ज्वारीच्या आहाराशी असलेला संबंध मांडला. शरीराला नायसिन हे जीवनसत्त्व पुरेसे न मिळाल्याने तो होतो. भुईमुगात नायसिन भरपूर असते आणि शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनेही असतात. तिळात चुना, म्हणजे कॅल्शियम, विपुल आहे. हिरव्या मिरचीत ‘क’ जीवनसत्त्व असते. तेव्हा मूठभर दाण्यांची चटणी आणि कळण्याची भाकरी हे जेवण, पोटभर मिळाले तर, निकृष्ट नाही. याउलट कैरीच्या लोणच्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. असते ते तेल, आंबट आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावे असे सांगते. लोणच्याच्या एका मोठ्या फोडीतच त्यातला बराच भाग जातो.

परंतु या आकड्यांवरून कोणी असे म्हणू लागेल की गरिबाचे जेवणच खरे सकस, त्याला कशाला हवे लोणचे? हा युक्तिवाद मला मान्य नाही. ‘पोटभर मिळाले तर’ हे तीन शब्द वर मी मुद्दाम घातले आहेत. दाणे रोज पडत नसत. बहुतेक दिवस मिरची आणि मीठ एवढेच असे. मिरचीचे खरे काम तोंडाला पाणी आणून कोरडा घास गिळवणे हे होते. १९७२ च्या दुष्काळात दगड फोडायला गेलेल्या माणसांनी रेशनवरच्या मायलोच्या भाकरीशी मिरचीच खाल्ली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यांच्या फडक्यात काय बांधलेले होते याची नोंद कोणत्या अहवालात सापडत नाही. तिखट खाणारा माणूस काटक असतो, असे कौतुकाने म्हटले जाते. तिखट हे भुकेवरचे झाकण होते, हे मात्र कोणी म्हणत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. साठवण नसणे याचा खरा अर्थ बहिष्काराच्या दिवशी कळत असे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. १९२९ साली दोन्ही खान्देश जिल्ह्यांची पाहणी त्यांच्याकडे आली. काम आटोपल्यावर ते चाळीसगावला उतरले, ते धुळ्याच्या फाट्यावरील एका गावातल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी. परत येताना चाळीसगावात एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार झाला नाही. शेवटी वस्तीतल्या एका नवख्या माणसाने टांगा हाकला आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेब जखमी झाले. हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. ते ज्या कामासाठी त्या गावी गेले होते, त्याकडे मात्र कमी लक्ष जाते. बहिष्कार म्हणजे काय? १९३० च्या समितीच्या अहवालात ते स्पष्ट आले आहे. मजुरी बंद, वाट बंद, पाणी बंद आणि गावच्या वाण्याने जिन्नस विकायचे बंद. म्हणजे मीठ बंद, मिरची बंद, तेल बंद.

ज्याच्या घरात बरणी आहे तो वाण्याच्या बंद दुकानासमोर दोन महिने उभा राहू शकतो. ज्याचे मीठ दर आठवड्याला बाजारातून येते तो दुसऱ्या आठवड्यात वाकतो. जातिव्यवस्थेने अस्पृश्याला नुसते दरिद्री ठेवले नाही, त्याला शिलकीवाचून ठेवले. बलुत्यात मिळणारी भाकरी शिळी असे. ती साठवता येत नसे. रोज मागायला जाणे भाग पडावे अशीच तिची रचना होती. भाकरीवर कधी एखाद्या घरातून लोणच्याचा उरलेला खार वरून टाकला जाई. फोडी संपलेल्या, बरणी धुण्याआधीचा तो खार. लोणच्याची आमच्या लोकांना झालेली पहिली ओळख ही अशी आहे.

म्हणूनच १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे तुकडे सोडण्यास सांगितले, त्याचा अर्थ केवळ स्वच्छतेपुरता घेता येत नाही. तुकडे सोडायचे तर घरात स्वतःचे काही असावे लागते. स्वाभिमानाला शिधा लागतो. आणि शिधा जमू लागला की तो मोडणारेही पुढे येतात. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या भाषणात जयपूर संस्थानातील चकवारा गावाची हकिगत दिली आहे. तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना जेवण घातले आणि त्यात तूप वाढले. एवढ्यावरून सवर्ण हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना झोडपले. भुकेल्या अस्पृश्याचा कोणाला राग येत नव्हता. तूप वाढणाऱ्या अस्पृश्याचा राग आला. तुपाच्या जागी तेलाने भरलेली लोणच्याची बरणी ठेवून पाहा; अर्थ बदलत नाही.

बरणीला हात लागला की लोणचे नासते, ही समजूत अजून गेलेली नाही. हा विटाळ दोघांचा मानला गेला: अस्पृश्याचा आणि पाळीतल्या बाईचा. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने, कमी पडलेल्या मिठाने आणि फोडी तेलाबाहेर राहिल्याने. बुरशीला जात कळत नाही. २०१४ साली एका सॅनिटरी पॅडच्या कंपनीने पाळीतल्या मुलींना ‘लोणच्याला हात लावा’ असे सांगणारी जाहिरात केली. तिचे देशाबाहेरही कौतुक झाले. कौतुक योग्यच होते. पण तीच बरणी ज्यांना जन्मभर शिवू दिली नाही त्यांचे नाव त्या जाहिरातीत नव्हते. एकाच विटाळाच्या दोन फांद्या आहेत. एक तोडून दुसरी वाळणार नाही.

आमच्या घरात बरणी आली ती रोख पगारामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात भुसावळला रेल्वे आली. पुढे जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथे गिरण्या झाल्या. रेल्वेत आणि गिरण्यांत गेलेल्या आमच्या माणसांच्या हाती महिन्याला पैसा येऊ लागला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, आणि वतनाबरोबर भाकरी मागण्याचे बंधनही मोडले. माझ्या मायने पहिले लोणचे घातले ते अशाच नोकरीच्या पैशातून. बरणी जुन्या बाजारातली होती, काठाला टवका उडालेला. पहिल्या वर्षी मीठ जास्त झाले होते. तरी आम्ही भावंडांनी ते कैरी म्हणून खाल्ले नाही, नवल म्हणून खाल्ले. पुढे मी शिक्षक झालो. मधल्या सुटीत डबे उघडले जात, लोणच्यांची देवघेव होई. माझ्या डब्यातल्या लोणच्याच्या वासाचे कौतुक होई आणि फोड मात्र डब्यातच राही. कोणी काही बोलत नसे. शिकलेल्या माणसांचा विटाळ असा मुका असतो.

आज चित्र उलटे झाल्यासारखे दिसते. कळण्याची भाकरी आणि ठेचा हे ‘अस्सल खान्देशी’ म्हणून पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत चढ्या दराने विकले जातात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. याचा आनंद आहे. पण कळणाकोंडा खाल्ला कोणी आणि कळण्याचे नाव झाले कोणाचे, हा हिशेब कोण मांडणार? लोणच्याची पाककृती कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून घराघरांत नेली. आमच्या चान्या, आमचा वाळवलेला पाला मात्र पुस्तकात यायला फार उशीर लागला. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. त्यातले स्वयंपाकघर मराठवाड्याचे आहे. खान्देशाचे स्वयंपाकघर अजून असे सविस्तर लिहिले जायचे आहे.

२०१६ साली चंद्रभान प्रसाद यांनी ‘दलित फूड्स’ या नावाने मसाले आणि लोणचे विकायला काढले. नाव लपवून माल खपवणे सोपे होते. त्यांनी नाव पुढे केले आणि गिऱ्हाइकालाच प्रश्न विचारला: आमच्या हातचे खाल का? हा प्रश्न बाजाराने सुटेल असे मी मानत नाही. बचत गटाचे लोणचे विकत घेताना ते घालणारीचे आडनाव वाचणारे लोक आजही आहेत. तरीही प्रश्न विचारला जाणे महत्त्वाचे आहे, कारण तो आता भाकरी मागणाऱ्याने विचारलेला नाही, बरणी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने विचारलेला आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वस्त्यांत सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या बाया अजून आहेत. मिरची किती, मीठ किती, पाला किती उन्हात वाळवायचा, बहिष्काराच्या आणि दुष्काळाच्या दिवसांत काय शिजले, हे त्यांना तोंडपाठ आहे. आपल्या तरुण लेखकांनी कवितेइतक्याच आस्थेने त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. विचारताना लाजू नये आणि सांगणारीला लाजू देऊ नये. आपण अन्न साठवायला उशिरा शिकलो, त्याला कारण व्यवस्था होती. आठवण साठवायला उशीर केला, तर मात्र त्याचे कारण आपण स्वतः असू.